सोसायटीची डक्ट साफ करून घ्यायची आहे, अनुभव सांगा

सात_मजली
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग ठाण्यात, १९९६ सालची, सात मजली, २८ फ्लॅट. यंदा पहिल्यांदाच कमिटीत गेलो आणि पहिल्याच मीटिंगला डक्टचं काम माझ्याकडे आलं. डक्ट म्हणजे संडास-बाथरूमच्या खिडक्या जिच्यात उघडतात आणि सगळे पाइप जिच्यातून खाली येतात ती मधली उभी पोकळी. आमच्याकडे अशा दोन आहेत. तळाला लोखंडी दार आहे, ते इतकं गंजलेलं की वेल्डरला बोलावून बिजागऱ्या कापाव्या लागल्या. आत पाय ठेवायला जागा नाही. कबुतरांची घाण गुडघाभर, वर राखाडी पापुद्रा आणि खाली ओला गाळ, त्यात शाम्पूच्या पुड्या, ब्लेडं, कपड्यांचे चिमटे, केसांची गुंतवळं, डायपर, आणि एक पितळी तांब्या. तळमजल्यावरच्या एक काकू आहेत, वय ७४, दोन वर्षं खोकतायत, आणि त्यांच्या बाथरूमची खिडकी त्या ढिगाच्या वर जेमतेम दीड फुटावर. ते बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

दोन कोटेशनं आलीत, एक १८ हजारांचं आणि एक ४२ हजारांचं, दोन्हींवर नुसतं 'डक्ट सफाई' एवढंच लिहिलंय. त्यात सातव्या मजल्यावरच्यांचं म्हणणं आहे की गच्चीवर डक्टचं तोंड पत्रा टाकून बंदच करा, म्हणजे पाऊस नाही, कबुतरं नाहीत. करावं का? तुमच्याकडे किती वर्षांनी साफ करतात, कोण करतं, पैसे कशातून देता?

तिसरा_मजला
आमच्याकडे वरून नायलॉनची जाळी मारली, सुटलो. पत्र्याच्या भानगडीत पडू नका.

मावळतीचे_ऊन
जाळी मारायच्या आधी आत घरटी आहेत का ते बघा हो प्लीज. आमच्या बिल्डिंगमध्ये वरून जाळी ठोकली आणि चार कबुतरं आतच राहिली. पंख फडफडल्याचा आवाज आठवडाभर येत होता, नंतर आवाज थांबला आणि वास सुरू झाला. पिल्लं असतील तर उडेपर्यंत थांबा, महिना-सव्वा महिना लागतो, तेवढा धीर धरता येतो.

पाना_पक्कड
प्लंबिंगची कामं घेतो, वीस वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पत्रा. अजिबात टाकू नका. डक्टची हवा कशी चालते बघा, बाथरूममधून गरम दमट हवा डक्टमध्ये येते, गरम म्हणून वर चढते, गच्चीवरून निघून जाते आणि खालून ताजी ओढली जाते. वरचं तोंड बंद केलं की ती हवा जाणार कुठे, दुसऱ्याच्या बाथरूममध्ये. पाचव्या मजल्यावरच्याने एक्झॉस्ट फॅन लावला की चौथ्यावरच्याच्या घरात वास. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ह्या पोकळीचं माप उंचीप्रमाणे वाढत जातं, १० मीटर उंचीला १.२ चौरस मीटर चालतं पण ३० मीटरला ८ चौरस मीटर लागतं. एवढी जागा बिल्डरला हौस म्हणून सोडायला लावत नाहीत, ती हवेसाठीच आहे. पाऊस अडवायचाच असेल तर छत कठड्यापासून दोन-अडीच फूट उचलून घ्या, चारही बाजू मोकळ्या ठेवा आणि त्या बाजूंना जाळी मारा.

दुसरं म्हणजे सफाईवाल्याला नुसता गाळ उचलायला लावू नका. डक्ट उघडलीच आहे तर पाइप बघून घ्या. १९९६ ची बिल्डिंग म्हणजे बिडाचे पाइप असणार, ताग ठोकून वर शिसं ओतून जोड केलेले. जोडावर पांढरट किंवा हिरवट ओघळ दिसला तर तिथे झिरपतंय. मैल्याच्या पाइपाचं वरचं टोक गच्चीच्या वर निघालेलं आहे का आणि त्यावर काउल, म्हणजे टोपी आहे का तेही बघा. निम्म्या बिल्डिंगांत ती टोपी गायब असते आणि कबुतर थेट पाइपात घर करतं.

४२ हजारवाल्याला विचारा की ह्यात काय काय धरलंय. कदाचित तोच बरोबर असेल.

भूपाळी
डक्टचा एक फायदा कुणी सांगतच नाही. आमच्या वरचे काका रोज पहाटे साडेपाचला बाथरूममध्ये भूपाळी म्हणतात ती डक्टमधून सात मजले ऐकू येते. ते महिनाभर मुलाकडे गेले होते तर अख्ख्या बिल्डिंगला उठायला उशीर झाला :)

चाळकरी
गिरगावात वाढलो त्यामुळे डक्ट म्हटलं की हाऊस गल्लीच आठवते. दोन इमारतींच्या पाठी दोन-चार फुटांची चिंचोळी बोळ, दोन्हीकडच्या मोऱ्यांचे आणि संडासाचे पाइप तिथेच. जुन्या मुंबईत ह्या गल्ल्या मुद्दाम सोडलेल्या, हवा आणि सफाई दोन्हीसाठी. लोक खिडकीतून कचरा टाकायचे, पालिकेचा माणूस येऊन काढायचा, परत दुसऱ्या दिवशी तेच. आमची आजी मात्र सांगायची, 'खिडकीतून टाकलेलं खालच्याच्या ताटात पडतं.' डक्ट ही आडवी गल्ली उभी करून ठेवलेली आहे, सवय काही बदललेली नाही. सात_मजली, साफ कराल पण टाकणं कसं थांबवणार ते आधी ठरवा.

निळा_स्टेथो
छातीच्या रोगांवर काम करते. काकूंबद्दल वाचून राहवलं नाही.

कबुतरांची विष्ठा आणि पिसांवरची पूड वाळून हवेत उडते आणि वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. ही फुप्फुसाची सूज असते, जंतूंमुळे नाही तर शरीराच्या प्रतिक्रियेमुळे, म्हणून अँटिबायोटिकने हटत नाही. कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप, बस्स. लोक वय झालं म्हणून सोडून देतात, आणि सूज जुनी झाली की फुप्फुसाला व्रण पडून ते आखडतं, मग ते परत मऊ होत नाही. काकूंना नुसतं खोकल्याचं औषध चालू असेल तर कृपया छातीच्या डॉक्टरला दाखवा आणि खिडकीखाली कबुतरांचा ढीग आहे हे त्यांना आवर्जून सांगा, कारण डॉक्टर प्रत्येक वेळी विचारतोच असं नाही. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, दादरला ताडपत्री बांधली, पण बाथरूमच्या खिडकीखालचा कबुतरखाना कुणी मोजतच नाही.

सफाईच्या दिवशी दोन गोष्टी कराच. कोरडं झाडू देऊ नका, आधी सगळं पाण्याने भिजवा, तासभर मुरू द्या, मग फावड्याने उचला. आणि आत उतरणाऱ्याला एन-९५ मास्क, हातमोजे, गमबूट आणि गॉगल सोसायटीने द्यायचे, तोंडाला रुमाल बांधून उतरू द्यायचं नाही. त्या दिवशी डक्टकडच्या सगळ्या खिडक्या बंद, आणि काकूंना दिवसभर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी बसवा.

सात_मजली
डॉक्टर, मनापासून आभार. काकूंच्या मुलीशी आजच बोलतो. पत्र्याचं कळलं, तो विषय मीटिंगमध्ये बंद करतो.

टोरांटोची_थंडी
आमच्याकडे डक्ट म्हणजे वेगळंच प्रकरण. घरभर भट्टीची गरम हवा फिरवणारे पत्र्याचे पाइप. दर आठवड्याला फोन येतो, तुमच्या डक्ट साफ करून देतो, आज ऑफर आहे. नवीन आलेले आपले लोक फसतात. एक जण पन्नास डॉलर सांगून आला आणि आत 'काळी बुरशी' दाखवून सहाशे मागायला लागला, माझ्या मैत्रिणीकडे. खरं तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं, म्हणणंच असं आहे की घरातल्या डक्ट उगाच ठरावीक काळाने साफ करायची गरज नाही, आत उंदीर-किडे असतील, बुरशी डोळ्याला दिसत असेल किंवा धुळीने हवाच अडत असेल तरच करा. भट्टीचा फिल्टर वेळेवर बदलला की निम्मं काम होतं.

मात्र कपडे वाळवायच्या ड्रायरचा पाइप न चुकता साफ करावा लागतो. त्यात लिंट साठतं, कापसासारखा कोरडा धागा, ठिणगीला लगेच पेटतो. अमेरिकेत ड्रायरमुळे घराला आग लागायच्या वर्षाला सुमारे २९०० घटना होतात.

तिसरा_मजला
कॅनडाच्या भट्टीचा इथे काय संबंध? विषय ठाण्याच्या संडासाच्या डक्टचा आहे.

ब्लोअर
संबंध आहे हो. नाव एकच पण वस्तू दोन, आणि त्या गोंधळातूनच चुकीची कोटेशनं येतात. मी पुण्यात ऑफिसांच्या सेंट्रल एसीचं मेन्टेनन्स बघतो. 'डक्ट क्लीनिंग' म्हणून फोन केला की पुष्कळदा आमच्यासारखे लोक येतात, फिरता ब्रश आणि व्हॅक्युम घेऊन, ते सोसायटीच्या डक्टला काही उपयोगाचे नाहीत. तुम्हाला दोरीवर उतरणारे लोक आणि प्लंबर लागतील.

आता विषय निघालाच आहे तर ऑफिसवाल्यांसाठी लिहितो, कारण दिवसाचे नऊ तास तुम्ही तीच हवा घेता. मागच्या महिन्यात एका ऑफिसात लोक दुपारी तीननंतर पेंगतात, डोकी दुखतात अशी तक्रार होती. रिटर्न एअरची, म्हणजे खोलीतली हवा परत मशीनकडे ओढली जाते तिथली, जाळी काढली तर मागे धुळीची गोधडी, अक्षरशः हाताने सोलून काढली, एका तुकड्यात आली. पण खरी गोम पुढेच. बाहेरची ताजी हवा आत घेणारा डॅम्पर कुणीतरी वीज वाचवायला पूर्ण बंद करून वर तारेने बांधून ठेवलेला. म्हणजे दीडशे लोक आपलीच सोडलेली हवा दिवसभर परत परत घेत होते. मीटर लावला तर कार्बन डायऑक्साइड २१०० पीपीएम, हजाराच्या आसपास असायला हवा. तार कापली, डॅम्पर उघडला, फिल्टर बदलले. डक्टला हातही लावला नाही आणि तक्रारी थांबल्या. आधी फिल्टर, कॉइल आणि पाणी साठणारा ट्रे बघा, ओलावा कुठे आहे ते शोधा. डक्टची सफाई त्यानंतर. ओलावा तसाच ठेवून डक्ट घासली तर सहा महिन्यांत बुरशी परत येते.

तिसरा_मजला
हे माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात पण दुपारी असंच होतं, उद्याच विचारतो. टोरांटोताई, मघाशी जरा तोडून बोललो.

मावळतीचे_ऊन
आमच्या खाली हॉटेल आहे, त्याच्या किचनच्या चिमणीची डक्ट आमच्या मागच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत जाते. भिंतीला हात लावला तर चिकट लागते. त्याबद्दल कुणी सांगेल का?

ब्लोअर
ते सगळ्यात धोक्याचं. आत तेलाचा थर बसतो, तव्यावर भडका उडाला आणि ज्वाळ वरच्या हुडमध्ये, म्हणजे धूर ओढणाऱ्या टोपात, शिरली की पूर्ण उभी डक्ट आतून पेटते आणि ती तुमच्या भिंतीला चिकटून. अमेरिकेच्या आगसुरक्षेच्या एनएफपीए ९६ ह्या नियमावलीत कोळसा-लाकडावर चालणाऱ्या किचनची डक्ट दर महिन्याला तपासा, दिवसभर जोरात चालणाऱ्याची दर तीन महिन्यांनी असं दिलंय. तंदूर असेल तर महिन्याचंच धरा. हॉटेलवाल्याकडून सफाईचे आधीचे-नंतरचे फोटो लेखी मागा. आणि डक्टला साफ करायला दारं आहेत का बघा, दारंच नसतील तर ती कधी आतून साफ झालेलीच नाही. बाहेरून चिकट लागतेय म्हणजे जोडातून तेल गळतंय.

हिशेबनीस
आता पैशाचं. आमच्याकडे ह्यावरून दीड वर्ष भांडण झालं. ज्यांच्या खिडक्या डक्टकडे नाहीत ते म्हणाले आम्ही का द्यायचे. शेवटी उपविधी काढून वाचले. बाहेरच्या सामाईक पाइपलाइनी, ड्रेनेज, त्यातून होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी आणि सोसायटीच्या खर्चाने. डक्ट सामाईकच आहे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के जमा करायचा असतो, त्यातून करा, वेगळी वर्गणी मागायला जाऊ नका, वर्गणी म्हटलं की दहा जण अडतात. शिवाय तुमची बिल्डिंग तीस वर्षांची झालीच आहे, स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागेल. ऑडिटरला दोन्ही डक्ट आतून बघायला लावा, सळ्या गंजायला तिथूनच सुरुवात होते कारण कायम ओल आणि कुणाची नजर नाही.

तिसरा_मजला
हे पटलं नाही. सातव्या मजल्यावरचा कचरा टाकत असेल तर तळमजल्याने का भरायचे?

हिशेबनीस
टाकणाऱ्याला दंड वेगळा, सफाई वेगळी. कोण टाकतो ते सिद्ध होईपर्यंत काकू त्या ढिगावर श्वास घेणार का?

चाळकरी
हिशेबनीस, अनुमोदन.

दोरखंड
वाचनमात्र असतो, आज लिहितो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बिल्डिंगांना बाहेरून रंग द्यायचे आणि डक्टमध्ये उतरायचे, झुल्यावर. झुला म्हणजे एक फळी आणि दोन दोर, बाकी काही नाही. मी बारावीत असताना दादांबरोबर सुट्टीत जायचो, माझं काम वर गच्चीत दोराजवळ बसायचं. दादांनी शिकवलेलं की दोर कधी कठड्याला बांधायचा नाही, टाकीच्या पाइपाला तर नाहीच, कॉलमलाच वेढा घालायचा आणि कठड्याच्या कडेवर दोराखाली गोणपाट ठेवायचं, कारण सिमेंटची कड दोर कापते. एकदा कुणीतरी ते गोणपाट पाय पुसायला म्हणून उचलून नेलं. मला कळलं तेव्हा दोराची एक पदर उसवलेली. दादा पाचव्या मजल्यावर लटकत होते. ओरडलो, ते खिडकीच्या गजाला धरून राहिले, त्या घरातल्या बाईंनी आतून हात धरला. वाचले. घरी आल्यावर आईला काही सांगितलं नाही दोघांनीही.

म्हणून सात_मजली, कोटेशनमध्ये हे बघा. झुल्याचा दोर वेगळा आणि माणसाच्या अंगाच्या पट्ट्याचा दोर वेगळा, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. वर एक माणूस फक्त दोराकडे बघायला. माणसांचा विमा. आणि काम चालू असताना कुणीही खिडकीतून काही टाकायचं नाही, गरम पाणी सोडायचं नाही, संडासाचा फ्लश शक्य तितका टाळायचा, त्याची नोटीस आदल्या रात्री प्रत्येक दारावर. १८ हजारांत हे होत नाही. ते पैसे त्या माणसाच्या जिवातून वाचवलेले असतात.

निळा_स्टेथो
दोरखंड, लिहिलंत ते बरं केलंत. दादा कसे आहेत आता?

दोरखंड
बरे आहेत. गुडघे दुखतात, गच्चीत कबुतरांना हाकलत बसतात.

पाना_पक्कड
दोरखंड म्हणतात ते शंभर टक्के. आम्ही दुसरा दोर असल्याशिवाय माणूस उतरवतच नाही.

अजून एक राहिलं. नहाणी ट्रॅप. बाथरूमच्या कोपऱ्यात जाळीखाली जी वाटी असते तिच्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं, ते पाणी म्हणजेच डक्टच्या पाइपातली घाण हवा आणि तुमचं घर ह्यांच्यातला दरवाजा. फ्लॅट दोन-तीन महिने बंद राहिला की ते वाळतं आणि दरवाजा उघडा. हाँगकाँगला २००३ मध्ये सार्सची साथ होती तेव्हा अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तीनशेवर लोक आजारी पडले, ४२ गेले. तपासात निघालं ते हेच. लोक बाथरूम धूत नव्हते, नुसतं पुसायचे, त्यामुळे ट्रॅप कोरडे. एक्झॉस्ट फॅन चालू केला की पाइपातली दूषित हवा बाथरूममध्ये ओढली जायची आणि तिथून फॅन ती डक्टमध्ये फेकायचा, मग ती वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत. रचना आपल्यासारखीच. हे मी प्रत्येक सोसायटीत सांगतो. बंद फ्लॅटची किल्ली असेल तर पंधरा दिवसांनी जाऊन प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी ओता.

मावळतीचे_ऊन
बापरे. आईचं पुण्याचं घर गणपतीपासून बंद आहे. शेजारच्या वहिनींना आत्ताच मेसेज केला.

हिशेबनीस
इलेक्ट्रिकची डक्ट विसरू नका. मीटरपासून वर जाणाऱ्या वायरींची कपाटासारखी जागा असते ना प्रत्येक मजल्यावर, तिच्यात लोक चपला, रद्दी, नारळाच्या शेंड्या ठेवतात. तिथे प्रत्येक मजल्याच्या स्लॅबचं भोक आगरोधक मसाल्याने बुजवलेलं हवं, नाहीतर खाली पेटलं की धूर मिनिटात वर. जानेवारी आणि जुलैमध्ये फायरचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरता तेव्हा तपासायला येणाऱ्या माणसाला ती दारं उघडून बघायला लावा.

सात_मजली
मंडळी, सहा आठवड्यांनी परत आलो, उशीर झाला.

४२ हजारवाल्यालाच काम दिलं, दोन दोर, विमा, मास्क सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या डक्टमध्ये पिल्लं होती म्हणून ती तीन आठवड्यांनी केली, सातव्या मजल्यावरचेच काका रोज वरून वाकून सांगायचे की अजून उडाली नाहीत. पहिल्या दिवशी ३१ गोणी निघाल्या. भिजवून काढल्यामुळे धूळ उडाली नाही, वास मात्र दोन दिवस होता. पाना_पक्कड, तुमचं बरोबर निघालं, एका पाइपाची टोपी नव्हती आणि चौथ्या मजल्याच्या जोडातून पिंपळ उगवला होता. मूळ पाइपाच्या आत दोन फूट शिरलेलं, वेणीसारखं. तिथूनच तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला ओल होती आणि त्यावरून दोन घरं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. पिंपळ तोडायला कामगार तयार होईना, मग मुळासकट काढून कुंडीत लावला आणि देवळामागे नेऊन दिला. दोन्ही घरांतले लोक बघायला गच्चीवर आले होते, एकत्र नाही, पण आले होते.

काकूंना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅन झाला, डॉक्टरांनी तुम्ही सांगितलेलंच नाव सांगितलं, औषधं सुरू झालीत. थोडा फरक आहे असं त्यांची मुलगी म्हणते. तांब्या त्यांचाच निघाला, खिडकीच्या कट्ट्यावरून पडलेला, चिंचेने घासून परत वापरायला काढलाय. नहाणीच्या जाळीत पाणी ओतायला आता तोच.

एक शंका राहिली. पहिल्या डक्टमध्ये तीन घरांच्या एसीचे बाहेरचे युनिट आहेत, आतली हवा दुपारी चांगलीच तापते. काढायला सांगावं का?

ब्लोअर
सांगा. गरम हवा तिथेच कोंडते, युनिट तीच परत ओढतं, बिल वाढतं आणि कॉम्प्रेसर लवकर जातो, हे त्यांना आधी समजावा म्हणजे भांडण होणार नाही. युनिटपर्यंत जायला माणसाला डक्टमध्ये लटकावं लागतं हेही सांगा. बाहेरच्या भिंतीला जागा असेल तर पाइप किती मीटर लांबवावा लागेल ते मोजून इथे टाका, मी बघतो.

सात_मजली
रविवारी टेप घेऊन जातो.